साथ आली तर गावाने काय करायचं, आणि साथ गेल्यावर काय?

एका नव्या ग्रामपंचायत सदस्याने विचारलं आहे: ‘कोविडच्या वेळी आमच्या गावात समिती होती, पण फोटोपुरती. पुन्हा तशी साथ आली तर ग्रामपंचायत, आरोग्य केंद्र, तरुण मंडळ, बचत गट, गावातले डॉक्टर यांची मोट कशी बांधायची? आणि साथ ओसरल्यावर समितीला काही काम उरतं का?’ गाव साधारण अडीच हजार वस्तीचं, तीन वाड्या, बऱ्याच घरांतलं कोणी ना कोणी पुण्या-मुंबईला, अशी माहितीही त्यांनी दिली आहे.

समिती बनवणं हा यातला सोपा भाग. तुमच्या गावात आत्ताही कागदावर निदान एक समिती असणार: ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. उपकेंद्राचं आयुष्मान आरोग्य मंदिर झालं असेल तर सरपंचांच्या अध्यक्षतेखालची जन आरोग्य समितीही असेल. आणखी एक नवी काढली तर तीच माणसं आणखी एका रजिस्टरवर सह्या करतील, इतकंच. मी बरीच वर्षं अशा समित्यांच्या प्रशिक्षणाचं काम करतो, कोविडच्या पहिल्या दोन्ही लाटांत पश्चिम महाराष्ट्रातल्या गावांमधून फिरलो. त्यावरून माझं मत असं झालं आहे की सगळं एका गोष्टीवर ठरतं. अंगात ताप भरलेला माणूस पहिल्याच दिवशी ते सांगतो की चार दिवस लपवतो? सांगितल्यामुळे त्याचं जे नुकसान होतं ते कमी करणं हे समितीचं पहिलं काम. बॅनर, फवारणी, सॅनिटायझरचे स्टँड हे सगळं त्यानंतर.

मी सांगतो ते प्रत्येक साथीला जसंच्या तसं लागू पडणार नाही. कोविड श्वासावाटे पसरत होता आणि लक्षणं नसलेला माणूसही तो पसरवत होता. गॅस्ट्रो आला तर आधी पाण्याच्या टाकीकडे धावायचं, डेंग्यू आला तर साठलेल्या पाण्याकडे. गावागावांतही फरक असतो. बाजाराचं गाव असेल तर ग्रामपंचायतीपेक्षा व्यापाऱ्यांचा शब्द जास्त चालतो. ऊसतोडीचं गाव असेल तर हंगामात निम्मी घरं कुलूपबंद आणि म्हातारी माणसं व पोरं मागे. तुमचं गाव शहरातल्या पगारावर चालणारं दिसतं, तेव्हा तुमची खरी परीक्षा बाहेरून परतणाऱ्या माणसांपाशीच होईल.

लोक आजार लपवतात ते अडाणीपणामुळे, असं अधिकारी मंडळींना वाटतं. मला तसं कधी दिसलं नाही. लोक हिशेब करतात आणि त्यांचा हिशेब बहुधा बरोबर असतो. पुण्यातल्या प्लेगचंच बघा. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, मग रँडच्या हाताखाली गोरे सोल्जर घराघरात शिरून रोगी शोधू लागले, माणसं उचलून छावणीत नेऊ लागले. परिणाम असा झाला की लोक रोगीच काय, मृत्यूही लपवू लागले. पुढे २२ जून १८९७ ला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, ते सर्वांना माहीत आहे. त्याच साथीत सावित्रीबाई फुले मुलाच्या, डॉ. यशवंतच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करत होत्या, आणि १० मार्च १८९७ ला त्यांना प्लेगनेच मरण आलं. एकाच शहरात, एकाच साथीत लोक झडतीपासून पळत होते आणि शुश्रूषेकडे जात होते. २०२० मध्ये आपण वापरला तो कायदाही १८९७ चाच.

मार्च-एप्रिल २०२० मध्ये गावोगावी वेशीवर काट्या टाकल्या गेल्या, ट्रॅक्टर आडवे लावले गेले, काही ठिकाणी तर रस्तेच खणले. मुंबईहून चालत आलेल्या आपल्याच माणसाला शिवेवर अडवलं. भीती समजू शकतो. पण त्यातून झालं काय? माणसं रात्री शेतातून, ओढ्यातून आली आणि घरात गपचूप राहिली. दिवसा राजरोस आली असती तर निदान नोंद झाली असती, चौदा दिवस लक्ष ठेवता आलं असतं. ज्या गावांनी ‘या, पण आधी शाळेत थांबा, जेवण गावातून येईल’ असं फोनवरच सांगितलं, तिथे येणाऱ्यांची यादी माणूस गावात पोचायच्या आधी तयार असायची. तुमच्या गावात पुण्या-मुंबईला किती घरं आहेत, त्यांचे फोन नंबर कुठल्या वहीत आहेत, हे आज शोधा. साथ आल्यावर ते काम होत नाही.

आता नुकसान म्हणजे नेमकं काय, ते सांगतो, कारण समितीची सगळी कामं त्यातूनच निघतात.

दुसऱ्या लाटेत एका वस्तीवर पन्नाशीतला एक शेतकरी तपासणीला तयार नव्हता. आशाताई दोनदा जाऊन आल्या, वैद्यकीय अधिकारी समजावून गेले. त्याचं म्हणणं एवढंच होतं: ‘मी शाळेत जाऊन झोपलो तर म्हशींच्या धारा कोण काढणार? डेअरीत दूध गेलं नाही तर घरात पैसा कुठला?’ यावर ‘आधी जीव महत्त्वाचा’ हे उत्तर नाही. तरुण मंडळातल्या दोघांनी धारा काढायच्या, वैरण टाकायची, दूध त्याच्याच खात्यावर डेअरीत घालायचं, असं ठरल्यावर तो त्याच संध्याकाळी स्वतःच्या पायांनी आला. त्यानंतर त्या वस्तीवरची आणखी घरंही बोलायला लागली. जनावरं, उभं पीक, मजुरी, घरातली म्हातारी, दहावीची पोरगी: प्रत्येक घराची अशी एक अडचण असते, आणि ती माहीत असणारी माणसं गावातच असतात. प्राथमिक आरोग्य केंद्राला ती कधीच माहीत नसते. सपाटीवर एका केंद्राच्या मागे तीस हजार लोकसंख्या असते. तिथल्या डॉक्टरांना तुमच्या वाडीवरच्या म्हशी कशा ठाऊक असणार? गावाने आपला वाटा उचलायचा तो इथे. औषधोपचार आरोग्य खात्याचा, घर सांभाळणं गावाचं.

हातावर पोट असलेल्यांचं आणखी अवघड. रेशनवर एप्रिल २०२० पासून माणशी पाच किलो मोफत धान्य मिळत होतं, त्याने चूल पेटते. तेल, मीठ, भाजी, गॅस सिलिंडर मात्र त्यात येत नाही. विलगीकरणातल्या मजूर कुटुंबाला चौदा दिवसांचा किराणा पोचवायचा आणि तो मागायला लावायचा नाही, एवढं तरी समितीने पत्करावं. मागायला लागलं की माणूस लाजतो आणि कामावर जातो.

दुसरं नुकसान अब्रूचं. २०२० मध्ये रुग्णाचं नाव, वय, फोटोसकट गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरायचं. त्या घराचं दूध कोणी घेईना, किराणावाला पैसे चिमट्याने उचले. एकदा असं झालं की पुढच्या दहा घरांत ताप नसतोच! म्हणून मी प्रत्येक समितीला एक नियम घालायला लावतो: नावं फक्त आशाताई, उपकेंद्राचे समुदाय आरोग्य अधिकारी आणि समितीचा समन्वयक यांनाच माहीत असतील. गावाला रोज संध्याकाळी देवळाच्या भोंग्यावरून वाडीनिहाय आकडा सांगायचा, नाव नाही. गाव लहान आहे, लोकांना कळणारच, हा आक्षेप दर वेळी येतो. कळू दे. पण पंचायतीने सांगितलं आणि शेजाऱ्याने ओळखलं यात फार मोठा फरक आहे.

तिसरं, विलगीकरणाची जागा. शाळेच्या खोल्या ठीक, पण आधी शौचालयात पाणी येतं का आणि बायकांच्या बाजूच्या न्हाणीघराला आतून कडी आहे का ते बघा. बायका विलगीकरणात यायला तयार नाहीत अशी तक्रार मी जिथे जिथे ऐकली, तिथे मी आधी कडी पाहिली. २०२१ मध्ये गावातच विलगीकरण कक्ष करायला वित्त आयोगाचा निधी वापरण्याची मुभा मिळाली, तेव्हा काही ग्रामपंचायतींनी गाद्या, पंखे, टीव्हीसुद्धा घेतला आणि कडी राहून गेली.

कामाची वाटणी कशी करायची? आशाताईंच्या अंगावर सगळं टाकू नका. साधारण हजार वस्तीला एक आशा असते. कोविडमध्ये सर्वेक्षण तिनेच करायचं, ऑक्सिमीटर तिनेच लावायचं, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरंही तिनेच फिरायची आणि लोकांच्या शिव्याही तिनेच खायच्या, असं चाललं. जून २०२१ मध्ये राज्यभरातल्या आशा संपावर गेल्या त्यात नवल नव्हतं. घरोघरच्या फेरीत तिच्याबरोबर अंगणवाडीताई किंवा शिक्षक आणि त्या वाडीतला एक माणूस हवाच. फेरीचा भत्ता ग्रामपंचायतीला स्वनिधीतून देता येतो का, तो ठराव आधीच करून ठेवा. बचत गटाकडे स्वयंपाक आणि किराणा. तरुण मंडळाकडे गाडी, जनावरं आणि फोन. पोलीस पाटील सगळ्यात शेवटी. ते पहिल्या दिवशीच दारात उभे राहिले तर १८९७ ची आवृत्ती निघते.

गावात दवाखाना चालवणारे जे बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टर असतात, त्यांना बहुतेक समित्या विसरतात. तापाचा माणूस पहिल्यांदा त्यांच्याकडेच जातो, सरकारी दवाखान्यात नाही. त्यांच्याकडून रोज एक फोन यायला हवा: आज तापाचे किती आले, कुठल्या वाडीचे. याबाबत धारावीचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. तिथे पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० ला सापडला. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरमध्ये लाखो लोक, बहुसंख्य सार्वजनिक शौचालयं वापरणारे. अंतर ठेवा म्हणून सांगण्यात अर्थच नव्हता. महापालिकेच्या जी-उत्तर विभागाने तिथल्या खासगी डॉक्टरांना बरोबर घेतलं. लोक ज्यांना नावानिशी ओळखत होते तेच डॉक्टर पीपीई किट घालून तापाच्या शिबिरांत बसले. शाळा, मंगल कार्यालयं, क्रीडा संकुल विलगीकरणासाठी घेतली, तिथे जेवण दिलं, शौचालयं दिवसातून अनेकदा निर्जंतुक केली. मे महिन्यात हजाराच्या वर गेलेले नवे रुग्ण जूनमध्ये तीनशेच्या आत आले आणि जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेतलं.

पण ‘धारावी मॉडेल’ म्हणून जे सांगितलं जातं, ते मी थोडं सबुरीने घेतो. लाखो कामगार तोवर गावी निघून गेले होते, त्यामुळे गर्दीच कमी झाली होती. शिवाय जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या दुसऱ्या तीन विभागांत रक्त तपासलं, तेव्हा झोपडपट्टीतल्या सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, म्हणजे त्यांना संसर्ग होऊन गेलेला होता. धारावी त्या पाहणीत नव्हती, पण तिथेही बराच संसर्ग नोंदीशिवाय होऊन गेला नसेल असं मानता येत नाही. म्हणून मी धारावीतून आकडे घेत नाही, डॉक्टरांना सोबत घेण्याची रीत तेवढी घेतो.

समन्वयक कोण असावा, यावर माझं मत बऱ्याच सरपंचांना आवडत नाही. सरपंच अध्यक्ष असू देत, पण रोजचा समन्वयक सरपंच नको. गावात पार्ट्या असतात. निम्मं गाव विरोधी गटाचं असतं आणि त्या गटाच्या घरात ताप आला तर तो सरपंचाच्या माणसाला सांगितला जात नाही, मग सरपंच कितीही भला असो. निवृत्त शिक्षक, सोसायटीचे जुने सचिव, दोन्हीकडे ऊठबस असलेली एखादी बाई असा माणूस शोधा. आणि समितीत विरोधी गटाचं एक माणूस ठरवून घ्या, तेही हिशेबाच्या वहीपाशी. देणगीचा जमा-खर्च दर आठवड्याला चावडीच्या फलकावर लागला की निम्मी भांडणं उगवतच नाहीत.

स्पर्धा आणि बक्षिसांबद्दलही बोलायला हवं. २०२१ च्या उन्हाळ्यात हिवरे बाजारचे पोपटराव पवार, तसंच सोलापूर जिल्ह्यातली घाटणे आणि अंत्रोळी या गावांचं मुख्यमंत्र्यांनी कौतुक केलं, आणि पाठोपाठ ‘कोरोनामुक्त गाव’ स्पर्धा जाहीर झाली. प्रत्येक महसूल विभागात पहिल्या तीन ग्रामपंचायतींना ५०, २५ आणि १५ लाखांची बक्षिसं होती. कौतुक झालेल्या गावांनी घरोघर फिरून लक्षणं असलेले लोक लवकर वेगळे केले, त्यात शिकण्यासारखं बरंच आहे. पण ‘मुक्त’ या शब्दाला बक्षीस लावलं की सापडलेला रुग्ण गावाचा शत्रू होतो. माझ्या हाती असतं तर लक्षणं दिसल्यापासून तपासणीपर्यंत सरासरी किती दिवस लागले, यावर मी गुण दिले असते. तुमच्या समितीने बाहेर काहीही जाहीर करावं, आतल्या वहीत मात्र हाच आकडा ठेवावा. तो वाढायला लागला की समजा, लोक पुन्हा लपवायला लागले.

फवारणीचं एका वाक्यात: माणसांवर हायपोक्लोराइट फवारू नका, केंद्र सरकारने एप्रिल २०२० मध्येच ते नको म्हणून सांगितलं होतं, आणि रस्ते धुण्यापेक्षा तोच पैसा ऑक्सिमीटरला आणि गाडीच्या डिझेलला घाला.

इथवर साथ चालू असतानाचं झालं: बाहेरून येणाऱ्यांची यादी, घर सांभाळण्याची हमी, नावांची गुप्तता, डॉक्टरांचा रोजचा फोन, तटस्थ समन्वयक. आता तुमचा दुसरा प्रश्न. समितीला काम उरतं का? माझ्या मते निम्म्याहून अधिक काम तेव्हाच सुरू होतं, आणि नेमक्या त्याच वेळी सत्कार होऊन समिती विसर्जित होते.

पहिलं काम कागदांचं. घरातला कर्ता माणूस गेला की त्याच्या बायकोपुढे कचेऱ्यांची रांग उभी राहते. मृत्यूची नोंद २१ दिवसांत, मग सातबाऱ्यावर वारस नोंद, रेशनकार्ड, बँक खातं, विमा, सोसायटीचं कर्ज. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कोविडने गेलेल्यांच्या वारसांना ५० हजारांचं सानुग्रह अनुदान मिळालं, पण त्यासाठी चाचणीचा अहवाल किंवा दवाखान्याची कागदपत्रं लागत होती. घरी गेलेले, चाचणीच न झालेले, दवाखान्याच्या गर्दीत कागद हरवलेले, अशांची घरं मागे राहिली. म्हणून साथ चालू असतानाच प्रत्येक रुग्णाच्या अहवालाचा आणि दाखल-डिस्चार्जच्या कागदांचा मोबाइलवर फोटो काढून, घरच्यांच्या परवानगीने, एका फाइलमध्ये ठेवायचं काम एका माणसाला द्या. त्या फोटोंचं मोल वर्षभराने कळतं.

विधवांसाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये ‘मिशन वात्सल्य’ आणलं, तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली तालुका समित्या नेमल्या. संजय गांधी निराधार योजना, बाल संगोपन योजना, दारिद्र्यरेषेखालच्या घरासाठी राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार, दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावे पाच लाखांची ठेव: योजना बऱ्याच होत्या. अडलं ते दारापासून तहसीलपर्यंतच्या अंतरात. पंचविशीतली विधवा, तान्हं मूल, सासरचे म्हणतात वारस नोंदीची घाई कशाला. तिच्याबरोबर तलाठ्याकडे जायला कोणी नाही. कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीसारख्या कार्यकर्त्यांच्या जाळ्याने तालुक्या-तालुक्यांत हेच काम केलं. तुमच्या गावात बचत गटातल्या दोन खमक्या बायका प्रत्येक एकल महिलेच्या मागे उभ्या करा आणि सहा महिने तिच्या प्रत्येक अर्जाची पोच वहीत चिकटवायला लावा. मायक्रोफायनान्सचे हप्ते थकलेले असतील तर वसुलीवाला दारात येईल तेव्हा त्या दोघींपैकी एक तिथे हवी.

दुसरं काम थांबलेल्या आरोग्यसेवेचं. साथीच्या काळात लसीकरणाचे दिवस चुकतात, रक्तदाबाच्या गोळ्या संपतात, खोकला असून क्षयरोगाची तपासणी होत नाही. २०२० मध्ये देशभर क्षयरोगाच्या नोंदी घटल्या होत्या, आजार घटला होता म्हणून नव्हे. आशाताईंच्या रजिस्टरमधून चुकलेली बाळं आणि गोळ्या सुटलेली माणसं काढायला एक दिवस पुरतो. तो दिवस समितीने मागून घ्यावा लागतो, आपोआप येत नाही.

तिसरं, शाळा. जुलै २०२१ मध्ये कोरोनामुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करायचा निर्णय गावपातळीवरच्या समितीच्या हाती दिला गेला होता. ज्या गावांत समिती जिवंत होती तिथे मुलं लवकर वर्गात बसली. पण पटावर असून न आलेली मुलं कोण, हे फार थोड्यांनी विचारलं. मुलगा गॅरेजला लागलेला असायचा, मुलीचं लग्न ठरलेलं असायचं, कधी झालेलंही. हजेरीपटातली ती नावं घेऊन घरोघर जाणं हे मुख्याध्यापकांचं एकट्याचं काम नाही.

आता सुरुवात. साथीची वाट पाहू नका. पावसाळ्यात गॅस्ट्रो किंवा डेंग्यूचे चार रुग्ण निघतीलच, त्याच वेळी ही सगळी साखळी एकदा चालवून बघा. डॉक्टरांचा फोन येतो का, यादी सापडते का, गाडी मिळते का, ते तेव्हाच दिसेल. ग्राम आरोग्य समितीचा वार्षिक मुक्त निधी, म्हणजे कुठल्याही एका कामाला न बांधलेला पैसा, बऱ्याच गावांत खर्चाविना पडून राहतो किंवा खुर्च्यांवर जातो. तुमच्या गावात त्याचं काय झालं ते आधी पासबुकात बघा. आणि येत्या ग्रामसभेत एकच ठराव मांडा: तिन्ही वाड्यांमधली एकटी राहणारी म्हातारी माणसं, गरोदर बायका, अपंग, डायलिसिसवर असलेले आणि बाहेरगावी नोकरीला असलेल्यांची घरं, यांची यादी दर सहा महिन्यांनी नवी केली जाईल. ठरावात यादी करणाऱ्यांची नावं लिहून घ्या, प्रत्येक वाडीतून दोन, आणि त्या दोघांपैकी एक बाई असू द्या.